भावजींच्या करंगळीची स्प्रिंग

भावजी,

तुमचं ते कीबोर्डचं लोखंडी धूड माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलंय आणि हे मी त्याच्यावरच लिहिते आहे. दोन बोटांनी. "वहिनी, कोंबडी दाणे टिपते तसं टाइप करता तुम्ही," असं म्हणायचात ना? टिपते. दहा बोटांचा थाट या घरात एकट्या तुमचाच.

ऑफिसात तुमचं नाव खटखट्या. बोटीने माल पाठवणाऱ्या त्या कंपनीत जन्मभर पावत्या टाइप केल्यात. नजर कागदावर आणि बोटं आपली आपण धावताहेत. तुम्ही जागेवर आहात की नाही, हे साहेबाला दाराबाहेरूनच कळायचं. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात, तुम्ही भंगारात काढलेला कीबोर्ड काखोटीला मारून आणलात. तुमच्या दादांनी विचारलंही, "हा कुणाच्या डोक्यात घालायला आणलास?" तो कपाटावर चढला तो चढलाच.

पुढे तुमचे दादा गेले, आणि मागोमाग तुमचा उजवा हात. म्हणजे झटक्यात लुळा पडला, बराचसा परतही आला. शेवटची दोन बोटं तेवढी रुसून बसली. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाले. तुम्ही चेंडू माझ्या खिडकीत ठेवलात आणि कीबोर्ड खाली काढलात.

"बोटांना कामाची सवय आहे वहिनी, खेळाची नाही. या दोघींपुरती बटणं हलकी करतो. वेग परत आला की हात आलाच म्हणून समजा."

मला तेव्हाच हा हिशेब उलटा वाटला होता. पण घोडं दामटायचं ठरल्यावर तुमच्यापुढे कोणाचं चाललंय?

बटणांच्या टोप्या माझ्या बादलीत भिजल्या. प्रत्येक बटणाखाली एक खटका, खटक्यात केसाएवढ्या तारेची स्प्रिंग, आणि खटका खालच्या पट्टीला सोल्डरने पक्का. तो सोडवायला तापलेली कांडी तुम्ही डाव्या हातात धरलीत. माझ्या मेणकापडाची चाळण झाली. मी टॉर्च घेऊन उभी.

"हलू नका हो."

"मी नाही हलत. तुम्ही हलताय."

मग माझं नेलकटर घेऊन स्प्रिंगांचे वेढे कापायला बसलात. एक वेढा कापायचा, खटका मिटायचा, करंगळीने दाबून बघायचं. नाही दबला की आणखी एक वेढा. मी म्हटलं, "एक तरी जुनी राहू द्या. कापलेली लांब होत नाही."

"तुम्ही चहा टाका."

टाकला. जाताना एक न कापलेली स्प्रिंग उचलून पर्समध्येही टाकली. कॉलेजात प्रयोगशाळेत इतकं तरी शिकले होते.

आणि एके दुपारी करंगळीने खट् केलं. "ऐकलंत?" ऐकलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. तुम्ही सगळं परत जोडलंत, स्वच्छ सदरा घातलात, पाठ ताठ केलीत आणि ऑफिसात बसायचात तशी दहाही बोटं बटणांवर टेकवलीत. अजून एक अक्षर टाइप केलं नव्हतं, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर अर्धविरामांची रांग लागली. मुंग्या निघाल्यासारखी. करंगळीच्या नुसत्या भाराने बटण दबत होतं.

"भावजी, बोट उचला."

"उचलून ठेवू कुठे? डोक्यावर?"

खरंच होतं ते. तीस वर्षं बोटं टेकवून बसलेला माणूस ती अधांतरी कशी धरणार, आणि त्यातून ही दुबळी! तुम्ही प्रत्येक बटण एकेकटं तपासलंत; सगळा हात टेकवून एकदाही बघितलं नाहीत. माझ्यासारख्या कोंबडीला मात्र तो उत्तम चालतो, हे बोलायला नको होतं. बोलले. दोन दिवस अबोला.

भंगारवाल्याकडे मीच चौकशी केली. पर्समधली स्प्रिंग बघून तो म्हणाला, "आजी, याच्यापेक्षा जरा नरम स्प्रिंगांचा एक मेलेला कीबोर्ड आहे माझ्याकडे. पण किती नरम लागेल ते मी कसं सांगू? ज्याचं बोट आहे त्याला आणा."

"दुकानात चारचौघांत करंगळी नाचवत बसू?" तुम्ही भडकलात.

"मग काय तोडून घेऊन जाऊ?"

शेवटी सोमवारी जायचं ठरलं. सोमवारी मी चपला घालून दारात. तुम्ही आत सदऱ्याच्या बटणांशी झटताय. मी लावायला पुढे झाले, तर हात झटकून खुर्चीत बसलात. "पुढच्या सोमवारी." त्या सोमवारी ऊन होतं. त्याच्या पुढच्या सोमवारी तुमची लेक येऊन तुम्हाला तिच्या गावी घेऊन गेली. कीबोर्डकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

फोनवर विचारलं की म्हणता, "रोज चेंडू दाबतोय वहिनी." कुठला चेंडू? तो इथे माझ्या खिडकीत धूळ खातोय.

काल भंगारवाला रस्त्यात भेटला. "आजी, तो कीबोर्ड ठेवू की मोडीत काढू?"

म्हटलं, "ठेवा. आमचं बोट परगावी गेलंय."

स्प्रिंग अजून पर्समध्येच आहे, किल्ल्यांच्या कप्प्यात. दार उघडायला गेलं की आधी तीच हाताला लागते.