हिंगोलीचा नफा आणि भाऊंची बोटं

"बोटायले इचारू द्या," असं म्हणून ते आधी दोन्ही हात धोतराला पुसत. मग कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत, जुळवत, पुन्हा ओढत, आणि हाती राहिलेले तंतू आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवत. धागा लांब की आखूड, हे बाहीवर एकदा पाहिलं की भाव ठरला; धागा लांब तितका भाव जास्त. आमचे मालक, शेठसुद्धा त्यावर अवाक्षर काढत नसत.

वाशिमच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते आणि मी तिथेच कारकून. सारे त्यांना भाऊ म्हणत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं सगळं शहाणपण अंगाच्या एकाच जागी गोळा झालेलं असतं. भाऊंचं बोटांत होतं. बाकी आनंदीआनंद. बाजारातून वांगी आणली तर निम्मी किडकी निघत.

मेडशीचे एक पाटील एकदा गाडीत वर पांढराशुभ्र आणि खाली भिजका कापूस भरून आले. भाऊंनी कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ बाहेर काढली. "वरचा कापूस तं तुमचा दिसते, पाटील. खालचा कोनाचा आनला?" पाटलांनी कान पकडले. पुढच्या वर्षी मात्र त्याच पाटलांचा माल उत्तम होता आणि शेठ जुन्या रागावर भाव पाडायला निघाले होते. "धागा लांब हाये, शेठ," भाऊ म्हणाले. "मी आखूड कसा म्हनू?" पाटलांना पुरा भाव मिळाला.

हे पन्नास सालानंतरचं. पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य जाऊन तिथे दिल्लीचा इन्कमटॅक्स नुकताच लागू झाला होता. नव्या सुनेला सुरुवातीला सांभाळून घेतात तसं तिकडच्या नफ्याला काही वर्षं सवलत होती. आमच्या वऱ्हाडातल्या नफ्याला कसली सवलत? शेठची एक पेढी वाशिमला आणि दुसरी हिंगोलीला, तेव्हा हा फरक त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. वाशिमची पेढी लांब धाग्याची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आखूड दाखवून हिंगोलीच्या पेढीला पडत्या भावात विकायची. हिंगोलीची पेढी तीच रुई चढ्या भावाने मुंबईला विकायची. वाशिमला नफा म्हणून काही उरतच नसे, सगळा नदीपलीकडे निघे. रुईच्या गाठी मात्र नदी ओलांडत नसत. त्या वाशिमहून मोटारीने थेट अकोल्याच्या स्टेशनावर जात. हिंगोलीला जात ते फक्त माझ्या अक्षरातले कागद.

भाऊंना हे ऐकून मौज वाटली. "गाठ अकोल्याले, कागद हिंगोलीले. अन् नफा?"

"तो कागदाबरोबर जातो, भाऊ."

"अजब हाये बाप्पा!"

मीही हसलो. त्या कागदांवर 'धागा आखूड' लिहून पुढे पारखी म्हणून मी त्यांचंच नाव घालतो, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

एका दुपारी नागपूरहून इन्कमटॅक्सचे साहेब आले. अकोल्याच्या स्टेशनवरच्या आमच्या गाठींतून त्यांनी रुईचा नमुना काढून आणला होता. ऑफिसात शेठ होते, मी होतो, आणि आवारातून भाऊंना बोलावून घेतलं होतं. साहेबांनी पुडी उघडली. "कागदावर ही रुई आखूड धाग्याची आहे, आणि पारख तुमची आहे. तुमची बोटं चुकत नाहीत असं सगळा तालुका सांगतो. आता माझ्यासमोर सांगा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं. मी दौतीत टाक बुडवत राहिलो.

लांब म्हणावं, तर शेठ बुडणार. आणि याच शेठनी पटकीच्या साथीत अकोल्याहून डॉक्टर आणून भाऊंच्या बायकोला वाचवलं होतं. आखूड म्हणावं, तर ते भाऊंच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी चिमूट ओढली, बाहीवर ठेवली आणि बराच वेळ खाली मान घालून पाहिलं.

"साहेब, बोटं मेली माह्यी. काही समजत नाही."

"कधीपासून?"

"कागद कवापासूनचे हायेत?"

"दिवाळीपासूनचे."

"मंग दिवाळीपासूनच."

साहेबांनी नमुन्याची पुडी मिटली. मग मला म्हणाले, "लिहून घ्या." बोटांची संवेदना गेल्यामुळे दिवाळीपासून पारख चुकत आहे, असा जबाब मी लिहिला आणि भाऊंनी खाली मोडीत सही केली. चूक म्हाताऱ्या बोटांची ठरली. शेठना थोडा कर जास्त बसला, पण लबाडीचा ठपका टळला.

दुसऱ्या दिवशी आवारात गाड्या उभ्या होत्या आणि भाऊ जागचे हलत नव्हते. शेठ स्वतः उठून आले. "भाऊ, ते साहेबापुढचं होतं. चला आता."

"सरकारच्या कागदावर खोटं बोललो, शेठ. आता ते खरं करा लागीन."

त्याच दिवशी ते आसेगावला आपल्या घरी निघून गेले. नवा पारखी आला. त्याला शेठचा चेहरा पाहून धागा कळत असे, आणि मेडशीच्या पाटलांच्या चांगल्या मालालाही मग आखूडचाच भाव मिळू लागला. मला माझी लाज वाटली, पण नोकरी सोडण्याइतकी नाही.

चार-पाच वर्षांनी भाऊ वारल्याचं कळलं तेव्हा मी आसेगावला वहिनींना भेटायला गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी उठायला लागलो, तशा त्या म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? पोरीच्या लग्नाचं लुगडं घेतलं, तं त्यायनं हात लावून नाही पाह्यलं. वरनाचा दाना शिजला का पाहा म्हटलं, तं म्हनत, माह्यी बोटं मेली, तूच पाह्य. मले कधी खरं नाही वाटलं. खरंच मेली होती काय वो?"

बोटांचं खरं काय ते भाऊंनी घरातही सांगितलं नव्हतं.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "मी तिथेच होतो."