कुटारातले डोळे

फौजदार काकूंनी आयुष्यात एकही चोर पकडला नाही, आणि तरी आमच्या गावात चोरीला गेलेली वस्तू सहसा वेशीबाहेर गेली नाही. पोलिसांशी त्यांचा संबंध एवढाच, की नातवाची शाळेची चड्डी खाकी होती. पण रिठदकडच्या आमच्या लहानशा गावात कुणाची घागर गेली, कुणाची पाण्याची मोटार गेली, की ठाण्याआधी काकूंना बोलावणं जायचं. "चोर कायले शोधता? चोरी शोधा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रीत जुनीच होती, काकूंनी ती जिवंत ठेवली. मरीमायच्या ओट्यावर प्रत्येक घराने टोपलंभर कुटार आणायचं, म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरतो तो भुसा, आणि एकाच ढिगावर ओतायचं. एकजण ओतत असताना बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. ज्याने नेलं असेल तो टोपल्यात लपवून वस्तू परत आणतो, ढीग उपसला की ती सापडते, आणि नंतर कुणी ब्र काढायचा नाही. एकदा तर ढिगातून जिवंत कोंबडी फडफडत बाहेर आली. तिची मालकीण "कोन मेल्यानं" एवढं म्हणते न म्हणते तोच काकू म्हणाल्या, "कोंबडी भेटली ना? मंग घरी जाय अन् तिले दाने टाक."

रोज सकाळी त्या मरीमायला तेलात कालवलेला शेंदूर लावायच्या आणि लावता लावता तिच्यावर डाफरायच्या. "घरोघरी लेकरं तापानं फनफनून राह्यले अन् तू मस्त बसली." मरीमाय ही त्यांची धाकटी जाऊ असावी असा एकूण सूर असे. आम्हाला ते ऐकायला फार मजा यायची.

दोन वर्षांपूर्वी मी आणि रिसोडच्या मित्रांनी एक सिनेमा काढायचं ठरवलं. निर्माता नाही, स्टुडिओ नाही, मागून आणलेला कॅमेरा आणि भरपूर उत्साह. गोष्ट अशी की नापिकीच्या साली एक देवभोळा माणूस देवीचे चांदीचे डोळे चोरतो आणि मग त्याला देवळासमोरून जायची हिंमत होत नाही. चोर म्हणून आम्ही घेतले रफिकभाई. ते रिसोडचे, गावोगाव फिरून बांगड्या भरायचे. काकूंना हसू आवरेना. "याले चोर कोन म्हनन? बांगडी टोचली तं बाईच्या आंधी हाच रडते."

शूटिंग मरीमायच्याच देवळात चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे खरे चांदीचे डोळे जागेवर नव्हते. देवळाची किल्ली सांभाळणारे नामदेवभाऊ तापले. "काल त्या रफिकनं मायच्या तोंडापर्यंत हात नेला. त्याच्यावाचून दुसरा कोन?" सगळ्यांच्या माना रफिकभाईंकडे वळल्या. बांगड्यावाल्याचा धंदा म्हणजे लोकांच्या ओसरीत बसून लेकीसुनांचा हात हातात घ्यायचा. चोर हे नाव चिकटलं की ओसरी चढू कोण देणार? त्यांनी आपली बांगड्यांची पेटी जवळ ओढली. "काकू, म्या तं नुस्ती अ‍ॅक्टिंग केली."

"मले माहीत हाय. तुले तं तेबी जमत नोतं," काकू म्हणाल्या आणि नामदेवभाऊंकडे वळल्या. "ठान्यात जाऊ नोका. परवा कुटार टाका. मंधात रिसोडचा बाजार हाय, कोनाले काही आठवलं तं बरं."

ठरल्या दिवशी सगळं गाव टोपली घेऊन आलं. आमची सिनेमावाली मंडळीही रांगेत होती. कॅमेऱ्याकडे हात जाताच काकूंनी दटावलं, "ते बंद ठेव बाबू. मायले दिसते तेवढं बस."

ढीग उपसला आणि चांदीचे डोळे चमकले. लोकांनी देवीचा जयजयकार केला, रफिकभाई दुपट्ट्याने तोंड पुसू लागले. तेवढ्यात उपसणाऱ्याच्या हाताला डोळ्यांचा आणखी एक जोड लागला. दोन्ही जोड कोरे करकरीत, दुकानातून नुकतेच आणलेले. काकू बुचकळ्यात पडल्या. त्यांनी देवीचा चेहरा चाचपला, तर गालावर काहीतरी टणक लागलं. शेंदूर खरवडला आणि आतून जुने डोळे निघाले. शूटिंगच्या दिव्यांनी शेंदूर पातळ होऊन ते घसरले होते, आणि त्या सकाळी काकूंनीच, चष्मा न लावता, वरून जाड लेप दिला होता.

"घ्या. फौजदारच चोर निघाला," असं म्हणून काकू खांबाला धरून हसत सुटल्या. गावही हसलं. मी त्या ओट्यावर इतकं कधी हसलो नव्हतो.

एक नवा जोड काकूंचा होता, हे त्यांनी मला संध्याकाळी सांगून टाकलं. "मायवर भरोसा हाय माहा. पर रफिकसारख्या लेकराच्या नावाचा मामला होता, म्हनून एक जोड आनून ठेवला." आणि दुसरा कुणाचा? "इचारलं नाही. इचारायचं नसते." सिनेमाचा शेवट आम्ही बदलला, पोलिसांऐवजी कुटाराचा ढीग आला आणि त्याच्याशेजारी खुद्द काकू. शाळेच्या मैदानात चादर बांधून तो दाखवला तेव्हा काकूंची एकच तक्रार होती, "मी एवढी बुढी हाव काय?"

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांच्यावाचून गाव मला अजून ओळखीचं वाटत नाही. तेरवीला रफिकभाई पंगतीत वरण वाढत होते. नामदेवभाऊ माझ्या शेजारी बसले होते. पानाकडे पाहतच ते हळू आवाजात म्हणाले, "तो दुसरा जोड माहा होता. तोंडातून नाव गेलं अन् घरी घास उतरेना."

"काकूंना माहीत होतं?"

"म्या सांगितलं नाही, तिनं इचारलं नाही. पर दुसऱ्या दिवशी सकाळीच रफिकले पेटी घेऊन धाडलं, पैले माह्याच घरी. म्हने, नामदेवच्या सुनेले बांगड्या भरून दे."

"मग?"

"मंग काय. मीच ओसरीत पाट टाकला त्याले."