आधी डॉक्टर, मग दूध

इकडे हिंदी मुलखात, शिवाजीनगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरला दुधाचा रतीब घालणारी बाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलते. "भाभीजी, आज मलाई अच्छी है, मलाई अच्छी है," म्हणतच ती स्कूटीवरून उतरते.

तिच्या गावातला गुरांचा सरकारी दवाखाना कित्येक महिने बंद होता. फोन केला की मोटारसायकलवर येणारा एक खाजगी डॉक्टर होता आणि त्याचं ती कौतुकच करायची. पण शेजारच्या गावात लाळ-खुरकूत आली तेव्हा म्हणाली, "वो तो जो बुलाए उसी के यहाँ टीका लगाएगा. बाकी गाँव में बीमारी घूमती रहेगी." हे मात्र एकदाच बोलली.

दुसऱ्या दिवशी चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत, तिचाच रतीब असलेल्या पशुपालन खात्यातल्या एका साहेबांच्या फाटकाशी ती भरलेला कॅन घेऊन नुसती उभी राहिली. साहेब बाहेर आल्यावर म्हणाली, "पहले डॉक्टर, फिर दूध." साहेब आधी हसले, मग चिडले. पण गावातल्या सगळ्या दूधवाल्यांना तिनं आधीच पटवलं होतं. त्या सकाळी त्या रस्त्यावरच्या एकाही बंगल्यात दूध पोचलं नाही.

त्याच आठवड्यात दवाखान्याचं कुलूप निघालं. लसीकरण बघायला मी मुद्दाम गेले. दवाखान्यासमोर जमवलेल्या गुरांना सरकारी डॉक्टरीणबाई सुया टोचत होत्या आणि तो खाजगी डॉक्टर लसीची बर्फपेटी उचलून त्यांच्यामागे हिंडत होता. एका म्हातारीची म्हैस गोठ्यातून हलेना, तर आमच्या बाईनं पेटीसकट दोन्ही डॉक्टरांना तिच्या दारात नेलं. गावातली शेवटची सुई तिथंच टोचली गेली. मग बाईनं पदर कमरेला खोचला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी खणखणीत शिट्टी मारली की अख्खं गाव दारात आलं.