महालक्ष्म्यांपुढचा सांधा

सदाशिवराव एकतीस वर्षं वर्धा स्टेशनच्या यार्डात सांधेवाले होते. रूळ जिथं फुटतात तिथं उभं राहायचं, खटका ओढून रुळाची जीभ या बाजूची त्या बाजूला करायची आणि गाडीला तिच्या वाटेला लावून द्यायचं, हे त्यांचं काम. पण खटका ओढला म्हणजे काम झालं असं नव्हे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जमादारानं बजावलं होतं, "शेवटचा डब्बा गेल्याशिवाय हात सोडाचा नाई. आंगावर गांधीलमाशी बसली तरी नाई." सदाशिवरावांनी ते गुरुमंत्रासारखं धरलं. शेवटचा डबा सांध्यावरून उतरला की ते हळूच "गेली" म्हणायचे आणि मगच मूठ सैल करायचे.

ती सवय घरातही आली. पाहुणा निघाला की तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत हे फाटक धरून उभे. त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणायच्या, "पाव्हना घरी पोचला असन आता. सोडा ते फाटक."

एक्याऐंशी साली ते निवृत्त झाले. माणूस घरी बसला, कान मात्र यार्डात राहिले. जेवताना मधेच म्हणायचे, "मालगाडी बाजूले घेतली वाट्टे." सुलोचनाबाई वरण वाढत म्हणायच्या, "घेऊ द्या. तुमी भात घ्या."

त्यांच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन गौरी, बसतात. दरवर्षी पुढे मातीचा डोंगर आणि गव्हाचे अंकुर अशी आरास असायची. त्र्याऐंशीच्या नागपंचमीनंतर सदाशिवराव म्हणाले, "यंदा डोंगर नाई. यंदा आपलं यार्ड मांडू."

तेलाच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यांनी रूळ केले. खेळण्यातल्या मोटारीवर चालणारं इंजिन आणि चार डबे केले, डब्यांत प्रसादाचे फुटाणे. एक फाटा ज्येष्ठेपुढून जाणारा, दुसरा कनिष्ठेपुढून. आता सांधा बदलायचा कसा? देवी एकदा बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत मांडणीत हात घालायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही, ही त्या घरची रीत. म्हणून सांधा दुरूनच, विजेवर हलायला हवा होता. दाराच्या घंटीत असते तशी तांब्याच्या तारेची एकेक गुंडाळी त्यांनी सांध्याच्या दोन्ही अंगांना बसवली. ज्या बाजूचं बटण दाबलं तिकडची गुंडाळी लोखंडी खिळा ओढते आणि जीभ सरकते. तारेचे वेढे सुलोचनाबाईंनी मोजले, जपाची माळ हातात घेऊन. शंभर वेढे झाले की एक मणी.

देवी यायला आठ दिवस होते तेव्हा चाचणी घेतली. सदाशिवरावांनी बटण दाबलं. खट! जीभ सरकली, गाडी ज्येष्ठेच्या फाट्याला लागली. तेवढ्यात जळका वास आला. गुंडाळी काळी पडली होती.

दुसरी गुंडाळी केली. तीही जळाली. तिसऱ्या वेळी सुलोचनाबाईंनी गाडी पाहिली नाही, नवऱ्याचा अंगठा पाहिला.

"अजी, सांधा तं केव्हाचाच बदलला. तुमी बटन काऊन दाबून ठेवता?"

"गाडी वरतून जाऊन राह्यली ना."

"पन हे बटन हाय, खटका नोहे. करंट भरून राह्यला त्याच्यात. दाबा अन् सोडा."

त्यांना ते पटलं. पटलेलं अंगठ्याला मात्र कळेना. इंजिन सांध्यावर आलं की अंगठा आपोआप घट्ट व्हायचा. चौथी गुंडाळी जळाली तेव्हा प्रभाकरराव बसलेले होते. यार्डातलेच जुने सोबती, गाडीला इंजिन जोडायचं काम करायचे. ते म्हणाले, "सदाशिव, तू बाजूले बस. त्या दिवशी बटन मी दाबतो."

चांगल्या मनानंच म्हणाले. पण सदाशिवराव उठले, जुनं धोतर आणून रुळांवर घातलं. प्रभाकरराव गेल्यावर म्हणाले, "डोंगरच ठेवू यंदा. माझा हात कामाचा नाई राह्यला."

आणि पाहुणा निघाला तरी पहिल्यांदाच त्यांनी फाटक धरलं नव्हतं, हे सुलोचनाबाईंच्या ध्यानात आलं. एकतीस वर्षं ज्या हातानं एक डबा वाकड्या वाटेला जाऊ दिला नाही, तो हात हा माणूस आता निकामी समजतो आहे. त्यांनी देवाला नमस्कार केला, पदर खोचला आणि जळकी गुंडाळी पिशवीत घालून बाजारात अच्युतकडे गेल्या. अच्युत रेडिओ दुरुस्त करायचा.

त्यानं सगळं ऐकलं. "काकू, सोपं हाय. काकाजीले म्हना, बटन लवकर सोडत जा."

"ते नाई सुटत, भाऊ. मानसाचा हात या वयात बदलत नाई. करंटचं काई करता येते का, ते सांग."

अच्युत हसला. मग जळकी गुंडाळी हातात फिरवत म्हणाला, "नळ चालू ठेवला तं पानी वायतच राह्यते, बरोबर? आपन नळाखाली मडकं ठेवू. मडकं भरलं की एकदम ओताचं. मंग ते कितीबी वेळ उलटं धरा, पडाले पानीच नाई."

त्याचं मडकं म्हणजे लाऊडस्पीकरच्या यंत्रातले दोन जाड कंडेन्सर. एका छोट्या बल्बमधून त्यांत वीज हळूहळू भरायची. बल्ब विझला की मडकं भरलं. बटण दाबलं की सगळी वीज एका झटक्यात गुंडाळीत. पुढं दाबून ठेवलं तरी बल्बातून झिरपेल तेवढीच जाणार, तिनं गुंडाळी जळत नाही.

अच्युतनं घरी येऊन जोडणी करून दिली. सदाशिवरावांनी दहादा करून पाहिलं. दहाही वेळा अंगठा दाबलेलाच, आणि गुंडाळी थंड. मग ते बायकोकडे वळले.

"तू गेलती त्याच्याकडं?"

"मिरच्या आनाले गेलती. वाटेत दुकान लागलं."

महाप्रसादाच्या दिवशी घर भरलं. पुरण, आंबील, सोळा भाज्या झाल्या. आरती झाल्यावर सदाशिवराव पाटावर बसले. बल्ब मिणमिणला, विझला. त्यांनी बटण दाबलं. खट! गाडी ज्येष्ठेकडे वळली.

"पेन्शन खाऊन राह्यला, तरी ड्युटी सुटत नाई का बे?" प्रभाकरराव म्हणाले.

"गाडी सांध्यावर हाय. बोलू नको."

चौथा डबा सांध्यावरून उतरला. "गेली," ते म्हणाले आणि अंगठा उचलला. प्रभाकरराव हसता हसता थांबले. त्यांनी टोपी सारखी केली.

तिसऱ्या दिवशी, देवींवर निरोपाच्या अक्षता टाकायच्या आधी, सदाशिवरावांनी बटणं बायकोपुढं सरकवली. "एक गाडी तू लाव."

सुलोचनाबाईंनी कनिष्ठेच्या फाट्याला गाडी लावली. ती सगळी निघून गेल्यावरच त्यांनी अंगठा उचलला, तेव्हा सदाशिवराव म्हणाले, "अवं, आता दाबून ठेवाची गरजच नाई. तूच तं करून आनलं."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "पन गाडी वरतून जाऊन राह्यली होती."