चाव्याचं बोट

टेलरबाईंच्या गुंड्याचे दात घासायचे म्हणजे घरात लढाई. पोरगा नऊ वर्षांचा, बोलत नाही, तोंडाला कुणाचा हात लागलेला खपत नाही. त्यात आकडीचं औषध गोड पाकातलं, रोज झोपताना. व्हायचं तेच झालं, दाढा किडल्या. पण दुखतंय हे सांगणार कोण? तो आपल्याच गालावर बुक्क्या मारायचा आणि जाऊबाई म्हणायच्या, "लाडावून ठेवलंय."

शेवटी भूल देऊन किडलेल्या दाढा काढल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, "याचं हृदय कमजोर आहे. आज निभावलं. पुन्हा भूल द्यायची वेळ आणू नका. उरलेले दात तुमच्या हातात."

नवऱ्याला वाटलं, आता ही रडणार. बाई म्हणाल्या, "अस्तराचं कापड संपलंय, जाताना घेऊ."

डॉक्टरीणबाईंनी दाखवली तशी कापडाची सुरळी दातांत धरून पाहिली. गुंड्याने थुंकून टाकली. लाकडी चमचाही थुंकला. मग एकदा चुकून बाईंचं बोटच आत गेलं. तो कचकन चावला, आणि बाईंच्या लक्षात आलं, चावतोय तोवर तोंड उघडं आहे. दुसऱ्या हाताने त्यांनी घासून घेतलं. झालं, तीच पद्धत पडली.

आधी बोट ठणकायचं. मग घट्टा पडला, मग काहीच कळेना. एकदा मशीनची सुई त्यात घुसली, ते गिऱ्हाइकाच्या पडद्यावर रक्त दिसलं तेव्हा समजलं. बाईंनी पडदा धुऊन टाकला. जाऊबाई म्हणाल्या, "काळीज आहे की दगड?" अहो, म्हणायला काय जातं? एक दिवस घालून बघा की स्वतःचं बोट!

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कसं घासता, दाखवा बरं." बाईंनी सवयीने डावं बोट गुंड्याच्या दातांत दिलं आणि ब्रश फिरवला.

"दात छान राखलेत," डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या. "पण बोट कशाला घालताय? चावत तर नाहीये तो."

बाईंनी बोट काढून उलटसुलट पाहिलं. ताजा वळ कुठेच नव्हता.

"कधीपासून चावत नाही?"

"कळलंच नाही हो मला," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीचा हात धरून रडायला लागल्या. गुंड्या आ करून बसलेलाच होता.