चाकसूच्या जत्रेत मूल कोणाकडे होतं

आमच्या घरात गेली वीस वर्षं एक गोष्ट खरी मानली जाते. माझ्या नातीने, अकरा वर्षांची असताना, आपल्या धाकट्या भावाला जत्रेत हरवलं. पाहुणे आले की ही गंमत हमखास सांगितली जाते. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे फक्त मला माहीत आहे. मला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. आता लिहून टाकतो.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. मुलाची भोपाळहून जयपूरला बदली झाली ती ऐन डिसेंबरात. सून भोपाळला शाळेत शिकवत होती, वर्ष पुरं केल्याशिवाय तिला सोडत नव्हते. क्वार्टर रिकामं करावं लागलं, म्हणून ती बायकांच्या वसतिगृहात राहिली आणि मुलं बापाबरोबर आली. जयपूरच्या शाळा म्हणाल्या, नवं सत्र सुरू होईल तेव्हा या. तोवर दोघांना घरी शिकवायला मला बोलावून घेतलं. मी विधुर, निवृत्त, रिकामा. बनी पार्क या वस्तीतल्या त्या भाड्याच्या घरात मी खूश होतो.

गणित, भाषा वगैरे मी शिकवलंच. पण माझी हौस वेगळी होती. मुलांना नेतृत्व शिकवायचं. माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली. तिथे माणूस बदलला की चार्ज देतात आणि घेतात. किल्ल्या, कपाटं, फायली, शिक्के, सगळ्याची यादी आणि खाली दोघांच्या सह्या. सही झाली की पुढे जे होईल ते घेणाऱ्याचं. मी एक जाड रजिस्टर आणलं आणि दर सोमवारी घराचा चार्ज द्यायला लागलो. पाण्याची मोटर, दूध, अभ्यासाचं वेळापत्रक, दाराची किल्ली. नातू सहा वर्षांचा, त्याच्याकडे चपलांचा चार्ज. बाकी सगळं नातीकडे.

तिने ते माझ्यापेक्षा गंभीरपणे घेतलं. पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "आजोबा, तुम्ही नेता कसा असावा यावर एक तास बोलता. मतलब, वीस मिनिटं पुरे. मग मोटर लावायची असते."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर मी लिहीन की आजोबा ऐकत नाहीत."

खरंच लिहिलं. नातवाने चपला उलट्यासुलट्या लावल्या तर त्याला न रागावता स्वतः शेजारी बसून लावायला शिकवलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मी फक्त सही शिकवली होती.

होळीनंतर आठव्या दिवशी जयपूरजवळच्या चाकसूला शीतलामातेची जत्रा भरते. आदल्या दिवशी शिजवलेलं थंड अन्न देवीला दाखवायचं, तेच खायचं. घरमालकीणबाईंनी वर्णन केलं आणि मुलांनी हट्ट धरला. मी म्हटलं, जाऊ, पण सहलीची प्रमुख ताई. तिने दोन दिवस तयारी केली. बस कुठून, परतीची शेवटची कधी, पाणी किती. भावाच्या शर्टाच्या खिशात तिने एक चिठ्ठी पिनेने टाचली. तिच्यावर त्याचं नाव, आमचा पत्ता आणि घरमालकांचा फोन नंबर. मी हसलो होतो. म्हटलं, "तो काय पार्सल आहे?" ती म्हणाली, "आजोबा, चार्ज माझ्याकडे आहे."

जत्रेत ट्रॅक्टर भरभरून माणसं येत होती. ऊन चढलं होतं. डोंगरीवर दर्शन घेऊन आम्ही खाली आलो, आणि परतीच्या बसचं विचारून येते म्हणून ती निघाली. निघण्यापूर्वी तिने रजिस्टर काढलं. हो, तेही तिने पिशवीत आणलं होतं. त्यात वेळ घालून लिहिलं, भाऊ आजोबांकडे दिला. मला वाचून दाखवलं. "इथेच थांबा हं, दोघेही. या कट्ट्यावर."

ती गर्दीत दिसेनाशी झाली आणि मी नातवाला कट्ट्यावर बसवून दुकानांच्या मागे सिगारेट ओढायला गेलो.

वर्षभरापूर्वी मला छातीचं दुखणं झालं होतं. मुलाने माझ्याकडून सिगारेट सोडण्याचं वचन घेतलं होतं. घरात चोरून ओढणं शक्य नव्हतं, म्हणून जत्रेला जायचं ठरल्यापासून माझ्या मनात तेच होतं. हेही लिहायला हवं. मी एक ओढली, मग दुसरी पेटवली. परत आलो तर कट्टा रिकामा. थोड्या वेळाने नात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बाजूला पाहिलं, आणि विचारलं, "तो कुठेय?"

पुढचे अडीच तास सांगत नाही. लाउडस्पीकरवरून शेवटी पत्त्यासकट नाव पुकारलं गेलं. स्वयंसेवकांच्या तंबूत तो बसला होता, चड्डी ओली, ओठ सुकलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिथला माणूस म्हणाला, "बाबूजी, पर्ची जिसने लगाई, उसी ने बचाया. बच्चा तो कुछ बोला ही नहीं." ताईने ते ऐकलं नाही, ती भावाला पाणी पाजत होती. मी ते कोणालाच सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

परतीच्या बसमध्ये नातू तिच्या मांडीवर झोपला. मी बडीशेप चघळत होतो आणि विचार करत होतो की मुलगा विचारणार, बाबा, तुम्ही कुठे होता? मग मी तिला रजिस्टर काढायला सांगितलं.

"खाली एक ओळ लिही. दहा मिनिटांनंतरची वेळ घाल. भाऊ आजोबांकडून परत घेतला."

"पण मी नाही घेतला. मी तर बसच्या तिथे होते."

"सहलीचा चार्ज कोणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"मग नेता काय करतो? दुसऱ्याकडे बोट दाखवतो?"

भावाचं डोकं हलू नये म्हणून रजिस्टर दांडीवर टेकवून तिने ती ओळ लिहिली. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. सही केली. मी म्हटलं, "शाबास." हा शब्द मी उच्चारला होता.

मुलाने संध्याकाळी ते पान वाचलं. तोही सरकारी माणूस, त्याने आणखी काही विचारलं नाही. तिला मारलं नाही की ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "सहा वर्षांचं पोर तुझ्याकडे दिलं होतं." मग तिच्यासमोरच भोपाळला फोन लावला. पंधरा दिवसांत सून नोकरी सोडून आली. रजिस्टर बंद झालं. नात माझ्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि मला त्यातही सुटल्यासारखं वाटत होतं.

नव्या शाळेत बाईंनी तिला मॉनिटर केलं तर ती रडून घरी आली. पुढे कॉलेजात, नोकरीत, जिथे चार माणसं हाताखाली येणार असतील तिथून ती मागे सरकली. बढती दोनदा नाकारली. घरात म्हणतात, स्वभावच बुजरा. आणि भाऊ, आता सहा फुटांचा, अजून म्हणतो, "ताई, मला कुठे ठेवायचं तर पावती घे बाई." सगळे हसतात. तीही हसते. मीही हसत आलो.

यंदा ती बाळंतपणाची रजा घेऊन पुण्याला आमच्याकडे आली. बाळ आठ महिन्यांचं. एका दुपारी सून औषधं आणायला निघाली तर हिने तिचा हात धरला. "आई, मी एकटी नको. आजोबांना इथे बसू दे." सून म्हणाली, "अगं, तुझंच बाळ आहे. दहा मिनिटं." "असू दे. तरी."

मी खुर्चीत बसलो. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. आणि मी सगळं सांगितलं. कट्टा, दोन सिगारेटी, बसमधली ओळ, तंबूतल्या माणसाचं बोलणं. कुठेही थांबलो नाही.

तिने ऐकून घेतलं. मग मऊ आवाजात म्हणाली, "नाही आजोबा. तुम्ही मला दिलं होतंत त्याला."

"नव्हतं दिलं. तू बसचं विचारायला गेली होतीस."

"मी परत आले होते ना. मला आठवतंय. त्याचा हात चिकट होता, काहीतरी गोड खाल्लं होतं त्याने. माझ्या हातातून सुटला. मी खूप वेळा बघितलंय ते, स्वप्नातही."

त्याने काही गोड खाल्लेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही थंड भात आणि दही खाल्लं होतं. मी तेही सांगितलं. माझा आवाज चढला. बाळ चाळवलं तशी तिने मलाच खूण केली, हळू. म्हणाली, "तुमचं वय झालंय. कशाला माझं स्वतःवर घेताय? चार्ज माझ्याकडे होता."

तिच्या हातात तो चिकट हात मी ठेवला आहे, आणि काढून घ्यायला मला जमत नाही.

बेल वाजली. सून आत आली, पिशवी ठेवली. नातीने बाळ तिच्या हातात दिलं आणि मग, कोणी बघत नाहीसं समजून, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहून ठेवलं.