परत येशील ना?

सुनेने सांबारवड्या तळल्या. कोथिंबिरीला आम्ही नागपूरकडचे सांबार म्हणतो. त्या वासासरशी लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. मला माहेरी न्यायला बाबा कोपरीला, माझ्या सासरी, आले होते. जेवताना ते म्हणाले, "विदर्भ वेगळा झालाच पाहिजे जी."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "हे राज्य एक व्हावं म्हणून माझा भाऊ गोळी लागून गेला, व्याहीबुवा."

"आमच्या गावाला अजून पाणी नाही पोचलं," बाबा हळूच म्हणाले.

आधी कुणाच्या पानात वाढावं, मला कळेना. निघताना सासऱ्यांनी विचारलं, "परत येशील ना गं?"

तेव्हा मला हसू आलं होतं. ते खरंच घाबरले होते, हे आज कळतं.